धावताना उसवणारा धाकटा

शेवटी चित्र आरशासारखं स्वच्छ आलं. हे वाचलं असेल तर विसरून जा. असं अजून काही झालेलं नव्हतं, होईल असं कुणाला वाटतही नव्हतं, आणि थोरला रोज संध्याकाळी कॉम्प्युटरमागे उकिडवा बसून पिवळी वायर काढत होता आणि तीच पुन्हा घालत होता.

थोरला लिफ्ट दुरुस्त करायचा. लिफ्टचं बरं असतं, ती वर जाते किंवा जात नाही. इथली भानगड वेगळी होती. घरातला टीव्ही मेला होता, त्याच्या आगेमागे धाकटा तापाने गेला होता, आणि मागे उरली होती एक व्हिडिओ कॅसेट. धाकटा फुटबॉलच्या प्रक्षेपणात कामाला होता. कॅमेरावाला मैदानाच्या कडेने पळाला की त्याच्यामागून केबल उचलून पळायचं, एवढंच काम. एका सामन्यात समोरच्या कॅमेऱ्याने चुकून त्यालाच टिपलं. चार-सहा सेकंद. घरातल्या एकूण एक फोटोत तो हललेला. एका जागी उभं राहणं त्याला जन्मात जमलं नाही. म्हणून आईला कॅसेटमधला तो चेहरा कॉम्प्युटरवर हवा होता, कायमचा. कॅसेट आताच कुरकुरत होती.

थोरल्याने जुन्या बाजारातून कॉम्प्युटरवर टीव्ही दाखवणारं ट्यूनर कार्ड आणलं, व्हीसीआर जोडला. गोलपोस्ट स्वच्छ. प्रेक्षक स्वच्छ. बाकावर बसून राहिलेला राखीव गोलकीपर तर नको इतका स्वच्छ. धाकटा मात्र पळायला लागला की त्याचे आडवे पट्टे व्हायचे आणि नाकाला कंगव्याचे दात फुटायचे.

“थांबव. तिथेच थांबव,” बाबा म्हणाले. बाबा शिंपी. चष्मा कपाळावर सारून त्यांनी नाक स्क्रीनला लावलं. “शिलाई उसवलीये याची.”

“बाबा, ते चित्र आहे.”

“मग चित्राची उसवलीये. मागे घे.”

थोरल्याने मित्राला फोन लावला. त्याला सगळे ड्रायव्हर म्हणायचे, कारण कॉम्प्युटरला काहीही झालं तरी तो ड्रायव्हर नावाचं सॉफ्टवेअर बदलायला सांगायचा. गाडी त्याला येत नव्हती.

“ड्रायव्हर बदल,” तो म्हणाला.

“बदलला.”

“मग जुना टाक.”

“टाकला. आता दोन धाकटे दिसतायत. एकामागे एक, धुरकट.”

ड्रायव्हरने विचारलं, “काकूंना कुठला बरा वाटतोय?”

“बाबा, आहे तसं रेकॉर्ड करून ठेवू का?” थोरल्याने एकदा विचारलं.

“वाकडंतिकडं? माप जुळल्याशिवाय मी आजवर कापडाला कात्री लावलेली नाही.”

मग रोज तेच. कॅसेट मागे, कॅसेट पुढे, धाकटा आला की पॉझ. तो थरथरत उभा राहायचा, बाबा उसवण बघायचे, आई बोटाने स्क्रीनवरची धूळ पुसायची. धूळ नसायची. मन भरलं की आई म्हणायची, “अजून थोडं राहू दे.”

एके दिवशी ड्रायव्हरचाच फोन आला. टीव्हीचं चित्र अर्ध्या-अर्ध्या रेघांनी येतं, तो म्हणाला. आधी एकाआड एक, मग मधल्या. कॉम्प्युटर दोन्ही एकदम दाखवतो. उभ्या माणसाला फरक पडत नाही. पळणारा तेवढ्यात पुढे गेलेला असतो. सेटिंगमध्ये एक चौकोन आहे, त्यात खूण कर.

धाकटा तेवढ्यात पुढे गेलेला असतो, हे कॉम्प्युटरच्या कितीतरी आधी थोरल्याला माहीत होतं. त्याने खूण केली.

चित्र आरशासारखं स्वच्छ आलं. खेळाडू अखंड पळत होते, चेंडूला चेंडूचा आकार होता. बाबांनी बघून घेतलं, मान हलवली. “हं. आता लाव कात्री.”

थोरल्याने रेकॉर्डचं बटण दाबलं. सामना सरकत सरकत मैदानाच्या त्या कडेला आला. आणि स्क्रीनभर पांढऱ्या मुंग्या उसळल्या. खरखर झाली. मुंग्या गेल्या तेव्हा गवतावरून केबलचं शेपूट सरपटत चाललं होतं, एकटंच, अगदी सुस्पष्ट.

थोरल्याने मागे घेतलं. मुंग्या, केबल. पुन्हा मागे घ्यायला त्याचा हात उचलेना. लिफ्ट रोज ज्या मजल्यावर थांबते तिथेच दोर झिजतो, हे तो येईल त्या गिऱ्हाइकाला ऐकवत असे. पॉझमध्ये टेप एकाच जागी घासत राहते, हे त्याला कुणी ऐकवलं नव्हतं.

“केबल छान दिसते,” आई म्हणाली. “कुणीतरी ओढतंय म्हणून तर चाललीये.”

बाबांनी चष्मा नाकावर आणला, पुन्हा कपाळावर नेला.

“लिही,” ते थोरल्याला म्हणाले. “सामना भरवणाऱ्या मंडळाला.”

“काय लिहू?”

“मी सांगतो, तू टाइप कर.”

थोरल्याने टाइप केलं:

‘महोदय, आमच्याकडील मापात चूक झाल्याने उपरोक्त सामना वाया गेला आहे. तरी सदर सामना त्याच खेळाडूंसह, त्याच मैदानावर, तेवढ्याच उन्हात पुन्हा खेळविण्यात यावा. निकाल कोणताही लागल्यास आमची हरकत नाही. मात्र केबल उचलण्यासाठी पूर्वीचाच कर्मचारी नेमावा. बदली कर्मचारी स्वीकारला जाणार नाही. तसेच त्यास कॅमेऱ्यासमोर क्षणभर उभे राहण्याबाबत आपल्या स्तरावरून लेखी सूचना द्यावी, ही विनंती.’