दोन रेघांच्या मधली मी

मी एक जुनी बाटली आहे. हसू नका मित्रांनो, सरबताची नाही! मखमलाबादच्या एका अंगणात पांढरी गाडी उभी असते ना, तिच्या बॉनेटखाली, इंजिनाच्या शेजारी मी बसते. इंजिनाला गार ठेवणारं हिरवं पाणी, म्हणजे कूलंट, माझ्यात साठतं. इंजिन तापलं की ते फुगून माझ्याकडे धावतं, निवलं की परत जातं. येणं, जाणं, पुन्हा येणं. स्वस्थ बसणं माझ्या नशिबातच नाही.

कारखान्यातल्या साच्यातून निघाले तेव्हा मी दुधट पांढरी होते, आतलं पाणी बाहेरून दिसेल अशी. माझ्या अंगावर दोन रेघा उमटवल्या. पाणी त्या दोघींच्या मध्ये असलं म्हणजे सगळं ठीक. माणसांशी मला बोलता येत नाही. त्या दोन रेघा हीच माझी वाचा.

ही गाडी शुभांगीला तिच्या वडिलांनी, चांदवडच्या चिमाजींनी दिली. वापरलेलीच होती, पण शुभांगीला तिचं केवढं अप्रूप! त्याआधी ती शेतातली फुलं बाजारात टेम्पोने न्यायची. टेम्पो भरेपर्यंत थांबायचं, परतताना पुन्हा थांबायचं. घरी येईतो तिची छकुली रडून रडून दमलेली असायची. गाडी आली आणि ते थांबलं. आता पहाटे झेंडूची क्रेट मागे रचायची, बाजार गाठायचा आणि छकुलीने डोळे उघडायच्या आत पाळण्याशी हजर व्हायचं. त्या दिवसांत मी किती धावले म्हणून सांगू!

मग एकदा माहेरी जाताना चांदवडच्या चढावर गाडी तापली. बॉनेटमधून वाफ निघाली. गाडी निवल्यावर शुभांगीचा नवरा महेश याने जवळचं पिण्याचं पाणी ओतलं आणि कसंबसं घर गाठलं. त्यानंतर लांब निघालं की तेच.

“म्हातारी झाली ही,” महेश म्हणाला. “विकून टाकू.”

“आणि पहाटे?”

“टेम्पो आहे की. आधी नव्हतीस का जात?”

शुभांगी पाळण्याशी जाऊन बसली. छकुलीला थोपटत राहिली. झोपलेल्या मुलीला इतका वेळ कुणी थोपटत नाही.

तिने गाडी पेठ रोडच्या ज्ञानेशच्या गॅरेजवर नेली.

“वहिनी, यात तर साधंच पाणी दिसतंय.”

“वाटेत तेच ओतलं होतं.”

“बरं. रोज किती कमी होतं?”

“कमी होतच नाही. बघा ना, बाटली भरलेलीच असते.”

ज्ञानेशने डोकं खाजवलं. “बाहेर गळत नाही आणि तरी तापतीये, म्हणजे दुखणं आतलं. इंजिन खोलावं लागेल. मोठं काम आहे.”

मोठं काम म्हटल्यावर महेशने गिऱ्हाईकच शोधलं. रविवारी येतो म्हणाला तो.

मित्रांनो, माझा जीव कसा कासावीस झाला म्हणता! पाणी रोज कमी होत होतं. मला ठाऊक होतं, पण मी भरलेली, मग कोण विचारणार? शुभांगीची सासू नवसाबाई रोज बाजारातून गाडी परतली की तुळशीला पाणी घालायची आणि तांब्यात उरलेलं माझ्यात ओतायची. बॉनेट उघडायला महेशनेच तिला शिकवलं होतं आणि तो ते विसरूनही गेला होता. मग ती अंगणभर सडा शिंपायची, गाडीखालीसुद्धा. गाडीतून ठिबकलेले थेंब सड्याच्या ओलीत मिसळून जायचे. एवढी माया, आणि त्या मायेने माझी वाचाच बंद केली.

त्याच आठवड्यात नवसाबाई लेकीकडे सायखेड्याला गेली. अंगणात सडा पडला नाही, तांब्याही आला नाही. शुभांगीची एकटीची तारांबळ. शनिवारी तिने गाडी पुसायला काढली, गिऱ्हाइकापुढे नीट दिसावी म्हणून. बॉनेट उघडलं आणि ती थबकली. माझ्यातलं पाणी खालच्या रेघेच्याही खाली गेलं होतं. ती वाकली. कोरड्या मातीवर वाटीएवढा ओला डाग.

सासू गेल्यापासूनच पाणी उतरलंय, हे ध्यानात येताच तिने सासूला फोन लावला.

“आई, तुम्ही गाडीत पाणी घालत होता का हो?”

“मग! तुळशीचं उरलेलं. तिला बी तहान लागती ना? तुझ्यासाठी किती पळती बिचारी. का गं, काय झालं?”

“काही नाही आई. लवकर या.” शुभांगीने हसत फोन ठेवला.

मग तिने गाडीखाली कोरडा पुठ्ठा सरकवला आणि इंजिन सुरू केलं. थोड्या वेळाने पुठ्ठ्यावर थेंब पडला. त्याच्या बरोबर वर तिने बॅटरीचा उजेड टाकला. खालच्या रबरी पाइपाच्या टोकाशी पांढरट खार जमला होता आणि तिथून थेंब, मग थेंब. पाइप आवळून धरणारी पट्टी गंजून सैल पडली होती. बस्, एवढंच.

ज्ञानेशने पाहिलं आणि कपाळावर हात मारला. “वहिनी, मी त्या बाटलीवरच विश्वास ठेवला हो!” त्याने पाइप नि पट्टी बदलली, गढूळ पाणी काढून टाकलं, नवं हिरवं कूलंट भरलं. उरलेला डबा शुभांगीने उंच फळीवर ठेवला. ते विषारी असतं, आणि छकुली आता रांगत होती.

रविवारी गिऱ्हाईक आलं तेव्हा अंगणात गाडीच नव्हती. शुभांगी सासूला आणायला सायखेड्याला गेली होती. चहा पाजून महेशनेच त्याला वाटेला लावलं.

आता नवसाबाई तांब्या घेऊन येते, बॉनेट उघडते, डोळे बारीक करून माझ्या रेघा बघते. “कालच्याएवढंच हाय,” असं म्हणते आणि उरलेलं पाणी झेंडूच्या बुडाशी ओतते. सडा मात्र गाडीच्या अलीकडेच थांबतो, खाली थेंब पडला तर दिसावा म्हणून.

मित्रांनो, रिकामं दिसलं की लगेच भरू नका. इंजिन गार असताना मला बघा, कुठे गेलं ते विचारा आणि मगच भरा. माझंच नव्हे, घरात दिवसभर धावणाऱ्या माणसाचंही असंच असतं.

पण आता पुरे. पहाट झाली, क्रेट चढली, किल्ली फिरली. माझं पाणी चढायला लागलंय. छकुली उठायच्या आत आम्हाला परतायचं आहे.