काठावरची शीळ

मी एक जुनी सीडी आहे. अशा कथनात जन्मापासून सावकाश सुरुवात करायची असते, हे मला ठाऊक आहे. पण मित्रांनो, माझा काठ झडतो आहे, तेव्हा बालपण मी पटकन उरकते.

कारखान्यात तापलेल्या प्लास्टिकमधून मला दाबून काढलं, पाठीवर चंदेरी मुलामा चढवला आणि वरून लाखेचा हात फिरवला. पोटात एका जुन्या चित्रपटाचं पार्श्वसंगीत भरलं, एकूण एकवीस तुकडे. आम्ही सीड्या आतून बाहेर वाजत जातो. पहिला तुकडा मधल्या भोकापाशी, शेवटचा अगदी काठाला. बालपण संपलं.

त्या शेवटच्या तुकड्यात नायक पूल ओलांडून कायमचा निघून जातो आणि जाता जाता शीळ घालतो. पडद्यावर ओठ त्याचे, शीळ मात्र एका एकोणीस वर्षांच्या मुलीची. माझ्या पुस्तिकेत चौदा व्हायोलिनवाल्यांची नावं आहेत, तिचं नाही. नायकाला गाता, नाचता आणि घोड्यावर बसता येत नव्हतं, ते सगळ्या जगाला माहीत होतं. निदान शीळ तरी त्याची स्वतःची वाटावी, अशी निर्मात्याची इच्छा होती.

चित्रपटाची रिळं केव्हाच जळून गेली होती आणि माझ्यासारख्या सीड्याही मिळेनाशा झाल्या होत्या. वापरलेल्या सीड्यांच्या दुकानात मला ज्यानं हुडकलं, तो त्याच मुलीचा भाचा. आता ती मुलगी ऐंशीला टेकली आहे आणि त्याच्याच घरी राहते. भाचा दातांच्या कवळ्या बनवतो आणि जुनं चित्रपटसंगीत जमवतो. मला त्यानं ट्यूबलाइटखाली तिरकी धरून चारी बाजूंनी पाहिलं. "एक ओरखडा नाही!" तो दुकानदाराला म्हणाला. एवढ्या प्रेमानं त्यानं कुणाचे दातही पाहिले नसतील.

घरी नेल्यावर आत्या म्हणाली, "लाव की लगेच."

"आत्या, ही ठेवणीतली आहे. वाजवली की झिजते."

मित्रांनो, आम्हाला सुई लागत नाही. आमच्यावर नुसता उजेड पडतो, आणि उजेडानं कुणी झिजत नाही. पण संग्राहकाला हे कोण सांगणार? डबीत मी खुळखुळू नये म्हणून त्यानं कवळ्या पाठवायच्या खोक्यातला मऊ स्पंज गोल कापून माझ्या पाठीवर ठेवला, डबी प्लास्टिकमध्ये गुंडाळली आणि काचेच्या कपाटात लावली. पाहुणे आले की कपाट दाखवायचा. पाहुणे "वा वा" म्हणायचे आणि चहाची वाट बघायचे.

नऊ वर्षं. त्या काळात स्पंज चिकट झाला आणि काठाकडून मला खाऊ लागला. आधी एक तपकिरी ठिपका उठला, मग ठिपक्यांची रांग लागली. मी आत ओरडत होते. पण वाजवल्याशिवाय आम्हाला आवाज नसतो.

तिकडे आत्याचे कान गेले. डॉक्टर म्हणाले, बारीक, उंच आवाज आधी जातात. म्हणजे दाराची घंटा, पाखरं आणि शीळ.

"मला कुठं ऐकायचीय?" आत्या म्हणायची. "तुम्हाला ऐकवायचीय. एकदा ऐका, मग मी गप्प बसते."

शेवटी त्या संगीताची नवी, स्वच्छ केलेली आवृत्ती आली. भाच्यानं ती रविवारी सकाळी लावली. आत्या सोफ्याच्या कडेला बसून सगळ्यांची तोंडं न्याहाळत होती. एकविसावा तुकडा सुरू झाला आणि संपला.

"आली?"

भाचा बायकोकडे बघू लागला. "नाही गं आत्या. नुसती व्हायोलिनं आहेत."

"मग आत्या, साठ वर्षं आम्हाला शिट्टीवरच बसवलंत की कुकरसारखं!" भाच्याची बायको, आत्याची सूनबाई, हसत म्हणाली. मनानं वाईट नव्हती ती. पण ते वाक्य निघायचं ते निघालंच.

आत्याही हसली. त्या दिवसापासून ती विषय काढेनाशी झाली. महिन्याभरानं कपाट पुसताना फक्त मला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाली, "असेल बाई. मीच काहीतरी मनात धरून बसले असेन."

मित्रांनो, पुरावा मी होते. तिच्या फडक्यापासून चार बोटांवर होते, आणि काठ झडत होता!

भाच्याचे डोळे उघडले ते दुसऱ्या एका संग्राहकाच्या फोननं. "अरे, नवी घेतलीस? खरखर काढताना त्या लोकांनी शीळ पण खरखर समजून पुसलीय. जुनी असेल तर जप बाबा!"

त्यानं मला बाहेर काढलं. स्पंज ओढला तसा माझा चंदेरी काठ त्याच्याबरोबर सुटून आला. तशीच त्यानं मला प्लेअरमध्ये घातली.

"आत्या, इकडे ये! लवकर!"

मी जीव खाऊन फिरले. वीस तुकडे धड गेले. एकविसाव्यात व्हायोलिनं अडखळली, खर्रर्र झालं, आणि मग ती आली. दीड सेकंद. पातळ, सरळ, तरुण. मग टक्, टक्, टक्, आणि शांतता.

सूनबाई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला.

"काय रे?" आत्यानं विचारलं. "आली?"

"आली आत्या. तुझीच आहे."

"शेवटचा सूर उतरलाय ना?"

भाच्यानं तो सूर ऐकलाच नव्हता. तो आता कुणालाच ऐकता येणार नव्हता. "छे, अगदी सुरेल आहे," तो म्हणाला.

आत्यानं त्याच्याकडे नीट पाहिलं. "शेवटपर्यंत नाही वाजली, होय ना?" ती म्हणाली. "उतरला होता तो. सगळ्या स्टुडिओला कळला होता."

उतरला होता, मित्रांनो. पाव सूर, जेमतेम. नव्या आवृत्तीनं ती शीळ पुसली आणि माझ्यातली स्पंजानं खाल्ली. आता तो सूर फक्त एका बहिऱ्या म्हातारीला आठवतो आहे. तुमच्याकडे असं काही असेल, तर त्याला जपू नका. आज लावा. ज्याचं आहे, त्याला शेजारी बसवून लावा.