उद्याचा पेपर

लालबागच्या चाळीत मुंगी शिरायला जागा नव्हती. जलदर्पण महाराज परातीतल्या पाण्यात उद्याचं वर्तमानपत्र वाचत होते! ऊन कलताना ते जो मथळा सांगत, तो दुसऱ्या सकाळी जसाच्या तसा छापून येई. पेपर दोन आण्यांना मिळत असताना त्यासाठी नारळ कशाला द्यावा, हे कुणी विचारलं नाही.

"ॐ भूतम्, ॐ भविष्यम्, ॐ पान पहिलं!" महाराजांनी डोळे गरगरवले. "दिसलं! 'संयुक्त महाराष्ट्राचा मशाल मोर्चा फसला. गिरणगाव घरीच बसलं.' नशिबात नाही रे बाळांनो!"

मोर्चा दिवेलागणीला निघायचा होता. गिरणीकामगार भिवाने मशाल कोपऱ्यात ठेवली.

"अवो, निघायच्या आधीच फसला?" त्याची बायको कौसल्या म्हणाली.

"म्हाराज कधी चुकलेत का? कशाला उगाच लाठ्या खायच्या?"

कौसल्येच्या जिवाची तगमग झाली. तिचा भाऊ दत्ताराम मागच्या मोर्चात हात मोडून घरी बसला होता. ते सगळं फुकट? पण नणंदेला साताऱ्याला जायचं होतं. तिला गाडीत बसवायला कौसल्या धुसफुसत दादरला गेली.

फलाटावर पेपरांचे गठ्ठे डब्यात चढत होते. तिने सहज वाकून पाहिलं आणि चरकली. तारीख उद्याची!

"गावाकडचा अंक हाय, बाई," हमाल म्हणाला. "दुपारीच छापत्यात. सकाळी तिकडं पोचाय नको?"

मथळा महाराजांचाच होता. एक अंक विकत घेऊन ती धावतच चाळीत आली.

"वाचा! मोर्चा अजून निघाला नाय आणि फसल्याचं दुपारीच छापलंय! पेपर कुणाचा? आपल्या गिरणीच्या मालकाचा. महाराज उतरलेत कुठं? त्याच गिरणीच्या जॉबरच्या, मालकाच्या मुकादमाच्या खोलीत!"

"पाखंडी बाई! परातीला शिवू नका, भस्म व्हाल!" महाराज ओरडले.

भिवाने परात उचलली. खाली तोच अंक होता, घडी घातलेला. भस्म कुणीच झालं नाही. महाराज मात्र नारळ टाकून पळाले.

मोर्चा निघाला. लालबागपासून परळपर्यंत मशालीच मशाली. भिवा पुढे होता. कौसल्येला मात्र चैन पडेना. ते गठ्ठे नणंदेच्याच गाडीतून निघाले होते. मोर्चा फसला असं ती सकाळी साताऱ्यात वाचणार, आणि खरं मानणार.

वाचकहो, परात उचलायला लावणारी कौसल्या तुमच्याकडे नसेल. तेव्हा पेपर हातात आला की तो कुणाचा आणि कधी छापला, एवढं तरी विचारत जा.