उकळत्या पाण्यातला वारसा

संग्रहालयाच्या प्रादेशिक दालनात नऊ काचपेट्या आणि अठरा पुतळे होते. चेहरा मात्र एकच होता, कारण सगळे पुतळे कपड्यांच्या एकाच दुकानातून उचलले होते. देशाची विविधता अंगावरच्या कपड्यांनीच सांभाळायची होती. डोंगराळ भागाच्या पेटीत आत्याने दिलेली लोकरीची शाल होती. आजीच्या हातची ती एकच उरलेली, म्हणून आत्या देईना. मी इथे जतन विभागात कामाला, म्हणून मीच शब्द टाकला होता.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी मी रजेवर होते. संचालकांना शालीला कुबट वास आला आणि त्यांनी ती थेट लाँड्रीत पाठवली.

"उकळत्या पाण्यातून काढून घेतलीय," उद्घाटनाला आलेल्या आत्याला ते कौतुकाने म्हणाले. "पाहुण्यांसमोर मळका वारसा ठेवायचा का, मावशी?"

आत्याने शालीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "ही कुणाच्या बाळाची गं?"

"लोकर आहे, थोडी आटणारच," संचालक म्हणाले. "काचेतून कुणाला कळतंय?"

पाटीवर लांबी दोनशे सहा सेंटिमीटर लिहिली होती. मी पेटी उघडून टेप लावली. शाल एकशे बत्तीस सेंटिमीटर भरली.