साहेबांनी सहमती दिली त्याची गोष्ट

त्या वर्षीच्या सभेतून सरकारने पाठवलेल्या आमच्या साहेबांना मिळण्यासारख्या गोष्टी तीन होत्या: विमानात खिडकीजवळची जागा, मेहुणीने सांगितलेली चाकांची निळी बॅग आणि परत गेल्यावर बढती. त्यांच्यासोबत आलेल्या सिस्टरना मिळण्यासारखी गोष्ट एकच होती, कागदावरच्या पाच ओळी. आणि मला? मला कोण काय देणार! मित्रांनो, मी एक जुनी पाटी आहे.

शाळेतली नव्हे. देशोदेशीची माणसे सभेला बसतात, तेव्हा प्रत्येकाच्या पुढ्यात देशाच्या नावाची लांबट पांढरी पाटी असते, ती मी. एका कारखान्यात एकाच साच्यातून आम्ही दीडशेच्या वर बहिणी निघालो. अक्षरे चिकटवणारा कारागीर जीभ दाताखाली धरून काम करायचा. त्याच्याइतके लक्ष माझ्याकडे पुढे कोणीच दिले नाही.

आमचे काम सोपे असते. टेबलावर आडवे पडून राहायचे. आपल्या माणसाला बोलायचे असले की तो आम्हाला उभे करतो. मग अध्यक्षबाई नाव लिहून घेतात आणि पाळी आली की पुकारतात. वीस वर्षांत मी मोजून अकरा वेळा उभी राहिले. त्यातल्या सात वेळा झाडूवाल्या मावशींनी धूळ पुसायला उभे केले होते.

त्या वर्षीची सभा स्त्रियांवरच्या अत्याचारांबद्दल होती. सगळ्यांनी मिळून एक मोठा ठराव करायचा होता आणि त्यात सिस्टरच्या त्या पाच ओळी होत्या. अर्थ साधा होता: घरात बायकोला मारणे ही घरातली बाब नाही, गुन्हा आहे, आणि बाई तक्रार घेऊन आली तर पोलिसांनी ती लिहून घेतलीच पाहिजे.

सिस्टर सरकारी दवाखान्यात जखमा शिवायच्या. एका बाईला त्यांनी तीनदा टाके घातले होते. तिन्ही वेळा ती ठाण्यावर गेली आणि "घरातलं घरात मिटवा" हे ऐकून परत आली. चौथी वेळ येण्याआधी सिस्टरना ठाणेदारापुढे ठेवायला काहीतरी हवे होते.

साहेबांचे लक्ष मात्र बॅगेवर होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी बॅगांचे फोटो नीट दिसावेत म्हणून मला उभे केले आणि माझ्या आधाराने मोबाइल टेकवला. झाले! अध्यक्षबाईंनी नाव लिहिले आणि थोड्या वेळाने पुकारलेही.

साहेब दचकले. भाषांतर ऐकायचे यंत्र त्यांच्या कानात नव्हते, गळ्यात होते. पण माणूस मुरलेला. घसा साफ करून म्हणाले, "मागच्या वक्त्यांशी आम्ही पूर्ण सहमत आहोत."

सिस्टरनी कपाळावर हात मारला.

"काय झालं?" साहेब कुजबुजले. "सहमतच झालो ना? सहमत होऊन कधी कुणाचं वाईट झालंय?"

"साहेब, मागचे ते मिशीवाले. त्या पाच ओळी काढून टाका म्हणत होते!"

त्या सभेचा रिवाज असा, की सर्वांना मान्य असेल तोच मजकूर टिकतो. एकटा माणूस अडून बसला तर त्याची समजूत काढतात. पण दोघे झाले, की मजकुरालाच निरोप देतात. मिशीवाले कालपर्यंत एकटे होते. साहेबांनी त्यांना जोडीदार मिळवून दिला.

"उद्या शेवटचा दिवस. शब्द मागे घ्या, साहेब."

"म्हणजे मी ऐकत नव्हतो, असं भर सभेत सांगू? माझी बढती आहे हो, सिस्टर!"

सिस्टरनी पिशवीतून पेन काढले. साहेबांची एक सवय त्यांनी पहिल्याच दिवशी हेरली होती. हाती आलेला कागद साहेब मान खाली घालून शेवटपर्यंत वाचायचे. स्वागताच्या भाषणात त्यांनी "इथे पान उलटावे" हेही तितक्याच गांभीर्याने वाचले होते. त्यावर टाळ्याही पडल्या होत्या.

शेवटच्या दिवशी साहेब टेबलाखाली वाकून नव्या बॅगेच्या कुलपाचे आकडे जुळवत होते. सिस्टरनी मला उचलले आणि सरळ उभे केले. वीस वर्षांत इतके ताठ मला कोणी उभे केले नव्हते.

साहेब वर आले. "ही कुणी उभी केली? आडवी करा आधी!"

"नाव पुकारलं, साहेब. सगळे तुमच्याकडेच बघताहेत. हा घ्या कागद."

साहेबांनी कागद घेतला आणि वाचू लागले.

"काल बोलताना आमची चूक झाली. आम्ही आमचा आक्षेप मागे घेत आहोत. मी एका बाईच्या कपाळाला तीन वेळा टाके घातले आहेत. पहिल्या वेळी चार, दुसऱ्या वेळी सात, तिसऱ्या वेळी अकरा. दर वेळी ती पोलिसांकडे गेली. दर वेळी तिला परत पाठवलं. चौथ्यांदा तिच्यासाठी सुईत दोरा ओवायची माझी इच्छा नाही."

'अकरा' साहेबांनी दोनदा वाचले होते. आयुष्यात पहिल्यांदाच ते आपण वाचलेले ऐकत होते.

सभागृहात टाळ्या सुरू झाल्या. मिशीवाल्यांनी डावीकडे पाहिले, उजवीकडे पाहिले, आणि आपली उभी पाटी हळूच आडवी केली. पाच ओळी राहिल्या.

बाहेर लोक साहेबांचा हात हातात घेऊन "डॉक्टरसाहेब, डॉक्टरसाहेब" म्हणू लागले. पहिल्या दोघांना त्यांनी "नाही हो" म्हटले. तिसऱ्याला म्हणाले, "टाके घालायला हात हलका लागतो." विमानात बसेपर्यंत भाषणही आपणच लिहिले, अशी त्यांची खात्री झाली होती.

पुढच्या वर्षीपासून बोलायची पाळी मागायला टेबलांना बटणे बसणार होती, म्हणून आम्हा बहिणींना खोक्यात भरत होते. सिस्टरनी मला पिशवीत घातले. माझ्या माहितीतली त्यांची ही एकुलती एक चोरी.

आता मी दवाखान्यात, जखमा बांधायच्या टेबलावर असते. माझ्या कोऱ्या पाठीवर त्यांनी "आत या" असे लिहिले आहे. दोनच महिन्यांत ती बाई आत आली. सिस्टरना सुईत दोरा ओवावाच लागला. या वेळी सोळा टाके पडले. मग सिस्टर तिला घेऊन ठाण्यावर गेल्या. परत आल्यावर सफाईवाल्या ताईंना त्यांनी सगळे सांगितले, ते मी ऐकले.

ठाणेदार म्हणाला, "सिस्टर, हे घरातलं घरात..."

सिस्टरनी पाच ओळींचा कागद पुढे केला, आणि वर साहेबांचा टाळ्या घेतानाचा फोटो ठेवला.

"आपल्या साहेबांनी हे मान्य केलंय. चुकीचं आहे, असं त्यांना फोन करून कळवता का?"

ठाणेदाराने फोटोकडे पाहिले, खुर्ची नीट केली आणि तक्रार लिहून घेतली.

मित्रांनो, माझी मागणी फार नाही. धूळ पुसलीत तर बरे वाटेल. पण सहमत होण्याआधी समोरचा काय म्हणतोय ते ऐका, आणि बोलायची वेळ आली तर पाटी आडवी ठेवू नका.

आता कोणाच्या वाट्याला काय आले, ते सांगते. साहेबांना बढती मिळाली, सत्कार झाला. गेले ते निळ्या बॅगेचे एक चाक. सिस्टरना वरिष्ठांच्या परवानगीशिवाय पाटी उभी केल्याबद्दल ताकीद मिळाली. पुढच्या सभेच्या यादीतून त्यांचे नाव गेले. आणि त्या बाईच्या कपाळावर चार, सात, अकरा आणि सोळा, म्हणजे अडतीस टाके. पाच ओळींची किंमत तिने आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त भरली.