उलटं फिरवायचं बटण

मी एक जुनं लॅमिनेशनचं मशीन आहे. सिल्वासाजवळ मसाट गावात सुलभाताईंचं झेरॉक्सचं दुकान आहे, तिथल्या काउंटरवर माझी जागा. मित्रांनो, माझा स्वभाव गरम आहे, पण गरम झाल्याशिवाय माझ्याकडून काम होत नाही, त्याला मी काय करू? कागद प्लास्टिकसकट रोलरमधून आत घ्यायचा आणि कडक, चकचकीत करून बाहेर द्यायचा, एवढंच मला येतं. हजारो कार्डं काढली असतील, पण एकात बुडबुडा दाखवा! लोक कौतुक करायचे आणि मला भारी अभिमान वाटायचा.

सोनमची आणि माझी ओळख ती नववीत असल्यापासूनची. तिचे वडील सुकदेवभाऊ धुळ्याकडचे, इथे कंपनीत हेल्पर. त्या वर्षी शाळा नवी, गुजराती कानावर नवीन, पोरगी नापास झाली. निकालाची झेरॉक्स काढायला आली तेव्हा तिने कागद पालथा करून ताईंच्या हातात दिला. वाचू नका, म्हणाली. दहावीतही ती रडतखडतच सुटली.

पुढची दोन वर्षं मात्र ती रोज संध्याकाळी दुकानाच्या बाकावर बसून मैत्रिणींच्या वह्या उतरवून काढायची. हाताने लिहिलं की डोक्यात राहतं, म्हणायची. बारावीला एकोणऐंशी टक्के पडले. सिल्वासाच्या कॉलेजच्या यादीत तिचं नाव लागलं. त्यांच्या घरात कॉलेजची पायरी तोवर कुणीच चढलं नव्हतं.

शनिवारी सुकदेवभाऊ ड्युटीवरून तडक दुकानात आले. हातात सोनमचा शाळा सोडल्याचा दाखला होता. ताई म्हणाल्या, अस्सल कशाला, झेरॉक्सला प्लास्टिक लावू या. भाऊ ऐकेनात.

"माझा दाखला वाळवीनं खाल्ला ताई, म्हणून मी जिंदगीभर हेल्पर राहिलो. हिचा मी खाऊ देणार नाही."

मग तो दाखला माझ्यातून गेला. काय सुरेख निघाला होता! भाऊंनी तो छातीशी धरून नेला.

सोमवारी प्रवेशाची शेवटची तारीख होती. कॉलेजातल्या बाईंनी दाखला हातात घेतला आणि परत दिला. अस्सल दाखल्यावर शेरा लिहून शिक्का मारावा लागतो, प्लास्टिकवर तो बसत नाही. पाच वाजेपर्यंत दुसरा आणा, म्हणाल्या. बापलेक शाळेत गेले तर तिथे उत्तर मिळालं, आठ दिवस लागतील.

दुपारी तीनला दोघं दुकानात धावत आले आणि हे सगळं ताईंना सांगितलं. भाऊंनी माझ्या अंगावरच्या एका बटणाकडे बोट दाखवलं. त्यांनी ते शनिवारी बघून ठेवलं होतं.

"ताई, हे उलटं फिरवायचं आहे ना? फिरवा मग. काढा ते प्लास्टिक."

मित्रांनो, ते बटण आत अडकलेला कागद मागे आणायला असतं. चिकटलेलं सोडवणं माझ्या जातीला ठाऊक नाही. ताईंनी समजावलं. शेवटी भाऊंच्या समाधानासाठी दाबलंही. रोलर उलटे फिरले आणि दाखला आत गेला तसाच मागे आला. मग भाऊंनी ब्लेडने कड कापून प्लास्टिक ओढलं. त्याबरोबर कागदाचा पापुद्रा निघाला आणि मुख्याध्यापकांची सही प्लास्टिकला चिकटून वर आली. सोनम एवढंच म्हणाली, "राहू द्या बाबा." भाऊ बाकावर बसून हमसून हमसून रडले. मला त्या दिवशी स्वतःचीच लाज वाटली.

नवव्या दिवशी शाळेने नवा दाखला दिला. तोवर तिची जागा दुसऱ्याला गेली होती. पुढच्या वर्षी बघू, असं घरात ठरलं. पुढच्या वर्षी बघू म्हणणारे या काउंटरवर मी पुष्कळ पाहिलेत, परत आलेला एकही आठवत नाही.

म्हणून मित्रांनो, हात जोडायला मला हात नाहीत, पण ऐका. अस्सल कागद साध्या फाइलमध्ये ठेवा, कोरड्या जागी ठेवा, पण माझ्यासारख्याच्या तोंडी देऊ नका. आणि घरचं कुणी मायेने द्यायला निघालं, तर त्यांचा हात धरा.

परवा सोनम आली होती. वडिलांच्याच कंपनीत पॅकिंगला लागलीय. गेटवर दाखवायचं कार्ड तिने ताईंपुढे ठेवलं. ताईंचा हात थबकला.

"करा ताई," ती म्हणाली. "याच्यावर कुणाला शिक्का नाही मारायचा."

कार्ड सरळ निघालं. एकही बुडबुडा नव्हता.