रजा मिळाली नाही

मी बोलतेय, शारजातल्या रोल्ला भागातली निळी ट्रॉली बॅग. कपाटावर धूळ खात पडलेय, पण आज गप्प बसवत नाही.

मला दुकानात बघितल्याबरोबर तहसीन नवऱ्याला, यहयाला म्हणाली होती, "ही गावच्या सामानाची नाही हं. ही फक्त आपल्या दोघांची!"

खरंच होतं तिचं. बावीस वर्षं रजा म्हणजे रत्नागिरीकडचं गाव. बॅगा भरायच्या त्या दूध पावडर, बाम, अत्तर आणि चुलतभावांच्या फर्माइशींनी. मेली ती सुट्टी! या खेपेला दोघांना ग्रीसच्या बेटावरचं समुद्राकाठचं एक शांत खेडं बघायचं होतं. पण गावात कळलं असतं तर केवढा बोभाटा! म्हणून यहयाने अम्मीला फोनवर सांगितलं, "रजा नाही मिळाली, अम्मी. पुढच्या वर्षी, इन्शाल्ला."

अंथरुणाला खिळलेली म्हातारी म्हणाली, "असू दे, बाबा. नोकरी सांभाळ."

खेडं मोठं गुणी होतं. पांढरी घरं, चार होड्या, धक्क्यावर झोपलेली मांजरं. तहसीन पाण्यात पाय सोडून बसायची. "बघा ना, इथं आपल्याकडे कुणी काहीच मागत नाही." व्हिडिओ कॉल आला तर बिंग फुटेल म्हणून यहयाने फोन बंद करून माझ्या कप्प्यात टाकला. मला काही ते बरं वाटलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्याने फोन चालू केला. एक्केचाळीस मिस्ड कॉल. अम्मी आदल्या दिवशीच गेली होती, तिला मातीसुद्धा देऊन झाली होती. यहया फरशीवरच बसला. तहसीन रडत रडत ओले-सुके कपडे माझ्यात कोंबत राहिली.

तिथून ते थेट गावी पोचले. यहयाला मान वर करवेना. थोरल्या बहिणीने, आपाने, त्याला कवटाळलं. "रडू नको रे. अम्मी बजावून गेलीय, त्याला बोल लावू नका, पोराला रजाच मिळाली नाही."

त्यानंतर मला कुणी हात लावलेला नाही. बाबांनो, स्वतःसाठी चार दिवस खुशाल फिरा, त्यात पाप नाही. पण घरच्यांना सांगून जा हो.

यहयाने अजून कुणाला खरं सांगितलेलं नाही. दर जुम्म्याला आपाचा फोन येतो. ती तळतळून म्हणते, "ज्याने तुला अम्मीपासून लांब ठेवलं, त्याला अल्ला कधी सुख न देवो."

आणि यहया हळूच म्हणतो, "आमीन."